यादीवाल्यांच्या घरची यादी

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. मार्च आला की घरी एक जाडजूड, कापडी पाठीची वही यायची. तिच्यावर शाईने लिहिलेलं असायचं, 'डेडस्टॉक रजिस्टर'. बाकं, कपाटं, घंटा, पृथ्वीचा गोल, तराजू... वस्तू कधी घेतली, कितीला घेतली, आता कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, सगळं त्यात. मोडलेली खुर्चीसुद्धा बाबांना अशीच फेकता येत नसे. तिचं रीतसर निर्लेखन व्हायचं, मगच ती वहीतून जायची. आम्ही भावंडं हसायचो. मोडक्या खुर्चीचा एवढा काय तो सोहळा!

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात ऑफिसात गळ्यात पडलेलं एक काम. सगळे सर्व्हर, सगळी सॉफ्टवेअरं, त्यांची लायसन्स, कोण सांभाळतं, याची यादी करायची. म्हटलं, दोन दिवसांचं काम. तिसऱ्या आठवड्यात एक सर्व्हर असा सापडला की तो चालू आहे, पण करतो काय हे कोणालाच सांगता येईना. ज्याने बसवला तो केव्हाच नोकरी सोडून गेलेला. आणि बंद करायची कोणाची छाती होईना!

त्या दिवशी घरी येऊन मी इक्विफॅक्सची गोष्ट पुन्हा वाचून काढली. अमेरिकेतल्या मंडळींना ती चांगलीच आठवत असेल. बाकीच्यांसाठी जरा मागून सांगते.

१८९९ साली अटलांटा शहरात केटर आणि गाय वुलफोर्ड या भावांनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' काढली. धंदा साधा. दुकानोदुकानी जायचं, कोणतं गिऱ्हाईक उधारी वेळेवर फेडतं, कोण रखडवतं, कोणाला रोखीशिवाय माल देऊ नये हे टिपून घ्यायचं आणि ती यादी दुकानदारांनाच विकायची. आपल्या वाण्याची उधारीची वही कोणी छापून बाजारात विकावी, तसंच की! पुढे कंपनी विमा कंपन्यांसाठी माणसांची चौकशी करू लागली. १९६० च्या दशकापर्यंत कोट्यवधी अमेरिकनांच्या फायली तिच्याकडे जमल्या होत्या. कोण किती पितो, शेजारी काय बोलतात, हेसुद्धा त्यात असे. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि १९७० मध्ये कायदा आला. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कळण्याचा आणि चुकीचं असेल तर हरकत घेण्याचा हक्क लोकांना मिळाला. १९७५ मध्ये कंपनीने नाव बदललं, 'इक्विफॅक्स'. आपल्याकडे ज्याला लोक सरसकट 'सिबिल' म्हणतात, त्याच जातीची ही कंपनी.

लोकांच्या या हरकती हाताळायला कंपनीने १९७० च्या दशकात एक संगणक प्रणाली उभी केली. तिलाच ठिगळं लावत, वाढवत नेलं. इंटरनेट आल्यावर तिला वेबसाइटचं दार बसवलं. २०१७ मध्येही ती चालूच होती. हे दार लक्षात ठेवा.

७ मार्च २०१७ ला 'अपाचे स्ट्रट्स' या सॉफ्टवेअरमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. ती बुजवायचा उपायही लगेच उपलब्ध होता. ९ मार्चला इक्विफॅक्समध्ये चारशेहून अधिक लोकांना ईमेल गेला, की जिथे जिथे हे सॉफ्टवेअर असेल तिथे ४८ तासांत दुरुस्ती करा. शिस्तीत कसर नव्हती, नाही का? पण 'जिथे जिथे असेल' म्हणजे नक्की कुठे? यादीच नव्हती. हरकतींच्या दारामागे तेच सॉफ्टवेअर होतं, पण ते ज्यांच्या अखत्यारीत होतं त्यांच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही. १५ मार्चला शोध घेतला, त्यातही काही सापडलं नाही.

१३ मेपासून चोर त्या दारातून आत-बाहेर करू लागले, ते ७६ दिवस! कोणाला दिसलं कसं नाही? तर ये-जा तपासणारं उपकरण एका सुरक्षा प्रमाणपत्रावर चाले आणि ते मुदत संपून पडलं होतं. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीच्या अहवालाप्रमाणे १९ महिने. २९ जुलैला ते नवं बसवलं आणि लगेच संशयास्पद वाहतूक दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर गेलेले होते.

कंपनीचे माजी प्रमुख संसदीय समितीपुढे म्हणाले की एका माणसाने निरोप पुढे दिला नाही. हे मला पटत नाही. कारण २०१५ सालीच कंपनीच्या स्वतःच्या अंतर्गत तपासणीत साफ लिहिलं होतं, की माहीत असलेल्या ८,५०० हून अधिक त्रुटी ९० दिवस उलटले तरी बुजवलेल्या नाहीत आणि कंपनीकडे आपल्या संगणकीय मालमत्तेची संपूर्ण यादी नाही. सिनेटच्या उपसमितीने २०१९ मध्ये म्हटलं की त्या तपासणीनंतर फेरतपासणी कधी झालीच नाही. म्हणजे रोग कळला होता, लिहूनही ठेवला होता, कागद फायलीत गेला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! शंभराहून अधिक वर्षं जी कंपनी दुसऱ्यांच्या याद्या करून जगली, तिला आपल्या घरात काय काय आहे ते ठाऊक नव्हतं. आणि ज्यांचं नुकसान झालं ते तिचे गिऱ्हाईकही नव्हते. तिचं गिऱ्हाईक म्हणजे बँका. या लोकांना कोणी विचारलंच नव्हतं, की तुमची माहिती इथे ठेवू का? बँक वाईट निघाली तर खातं हलवता येतं, इथून नाव काढून घ्यायची सोयच नाही. क्रेडिट कार्ड बदलून मिळतं. जन्मतारीख कुठून बदलून आणायची?

मला वाटतं, कंपनी आपली यंत्रं-सॉफ्टवेअरं कशी सांभाळते हे तिने सुरक्षेवर किती पैसे ओतले यावरून ओळखू नये. कोपऱ्यातली एखादी जुनी वस्तू दाखवावी आणि चार प्रश्न विचारावेत. ही काय आहे? कधीपासून आहे? कोणाच्या ताब्यात आहे? कधी काढून टाकणार? उत्तरासाठी फोनाफोनी सुरू झाली तर समजावं. बघा, हे बाबांच्या रजिस्टरचेच रकाने आहेत. आणि त्यात शेवटचा, निर्लेखनाचा, सगळ्यात अवघड. नवं आणताना पेढे वाटतात, जुनं काढायला कोणालाच सवड नसते. शाळेतली मोडकी खुर्ची फार तर जागा अडवते. मोडका सर्व्हर मात्र दार उघडं ठेवून बसतो.

असो. आमचा तो बेवारस सर्व्हर अजून चालूच आहे. तो काय करतो याचा शोध चालू आहे. तोवर यादीत त्याच्यापुढे 'कोणाच्या ताब्यात' या रकान्यात मी माझंच नाव लिहून टाकलं. रात्री फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते कितपत कळलं, देव जाणे. पण सगळं ऐकून घेऊन एकच विचारलंन, "सही केलीस ना खाली?"