चैत्रात एकट्याने पंढरपूर : काष्टीपासूनचा हिशोब

गेले दोन वीकेंड एका एक्सेल शीटवर घालवतोय. विषय प्रोजेक्टचा नाही, पायी वारीचा आहे. आणि आषाढीची नाही, चैत्रीची. काष्टी ते पंढरपूर, एकट्याने.

आषाढी सगळ्यांना माहीत असते. टीव्हीवर दिसते, आयटीवाल्यांच्या दिंड्याही निघतात. पण वाऱ्या मुळात चार: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. चैत्र शुद्ध एकादशीची वारी त्यातली जरा दुर्लक्षित. म्हणजे रस्ता मोकळा, पण हाताशी तयार व्यवस्था काही नाही. मुक्काम कुठे, पाणी कुठे, हे ज्याचं त्याने बघायचं.

काष्टी म्हटलं की लोकांना शनिवारचा जनावरांचा बाजार आठवतो. गाव श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या उत्तरेला. निवृत्तीनाथांची पालखी नगर, मिरजगाव, करमाळा अशी जाते, तुकोबांची नदीपलीकडून पाटस, बारामतीकडे वळते. काष्टी दोन्हींच्या मधे कोरडंच राहतं. मग आपली वाट आपण आखायची. मी आखलेली अशी: पेडगाव, सिद्धटेक, राशीन, करमाळा, कंदर, टेंभुर्णी, करकंब, पंढरपूर. या वाटेची गंमत म्हणजे भीमा ओलांडायची ती थेट पंढरपूरजवळ, तोवर नदी कायम उजव्या हाताला. अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढेच जातं. रोज वीस-पंचवीस धरले तर सात-आठ दिवस.

पहिल्याच टप्प्यावर इतिहास अंगावर येतो. पेडगावचा बहादूरगड. फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजीराजांना कैद करून इथेच औरंगजेबासमोर आणलं. हत्या झाली 11 मार्चला, फाल्गुन अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी. चैत्राच्या वाटेवर निघणाऱ्याने एवढं तरी लक्षात ठेवून त्या दरवाजातून आत जावं. पुढे सिद्धटेकचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. त्यांचा जन्म 1725 चा, चौंडीचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. 2024 मध्ये जिल्ह्याचं नावच अहिल्यानगर झालं. मला त्यांच्या देवळांपेक्षा विहिरी, घाट आणि धर्मशाळांचं कौतुक जास्त वाटतं. आजच्या भाषेत सांगायचं तर अप्लिकेशन सगळेच लिहितात, इन्फ्रास्ट्रक्चर कुणीतरी एकच उभं करतो.

आता 'एकट्याने' या शब्दाकडे येऊ, कारण घरच्यांचा आक्षेप त्याच शब्दावर आहे. जुन्या काळी एकटं चालणं ही हौस नव्हती, धोका होता. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतरावबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना कोंडलं, तिथे त्यांनी हरिपाठ धरला आणि सुटका झाल्यावर आयुष्य माउलींना वाहिलं, असं सांगतात. ही कथा शब्दशः घ्या किंवा घेऊ नका. पण 1830 च्या सुमारास सुरू झालेल्या त्या सोहळ्यातली शिस्त बघा: रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची ठरलेली जागा. ही फौजेतल्या माणसाची रचना आहे. वाटेवरची भीती काय असते हे ज्याला कळलं, त्यानेच सगळ्यांना एकत्र चालायला लावलं, असं मला वाटतं. पुढे दि. बा. मोकाशी 1961 साली चालले आणि त्यांनी 'पालखी' लिहिलं, तेही लोकांच्या सोबतीनेच.

दुसरा आक्षेप आमच्या टीममधल्या एका मित्राचा: "अरे ट्रेन आहे ना?" आहे की! आणि खरी मेख तिथेच आहे. दौंड-मनमाड लाइन 1878 मध्ये सुरू झाली, काष्टी त्याच लाइनवर. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळात या मार्गाचं बरंच काम दुष्काळी मजुरांनी केलंय. पुणे-सोलापूर लाइन त्याआधीच, 1860 मध्ये पूर्ण झाली होती. म्हणजे 1878 नंतर काष्टीचा माणूस दौंडला गाडी बदलून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला उतरू शकत होता. तिथून पंढरपूर पन्नासेक किलोमीटर, बैलगाडीने नाहीतर पायी. 1906 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरला पोचली आणि तेवढंही चालणं संपलं. त्याआधी गरीब माणूस चालायचा, कारण दुसरा इलाज नव्हता. 1906 नंतर जो चालला तो ठरवून चालला. वारीला आपण 'शेकडो वर्षांची परंपरा' म्हणतो तेव्हा हा बदल विसरतो. गर्दी गाडीने गेली, तरी दिंड्या बंद पडल्या नाहीत. मला तर ही गोष्ट त्या शेकडो वर्षांपेक्षा मोठी वाटते.

नदीकाठची जुनी वाट मात्र आता पूर्ण मिळणार नाही. 1980 मध्ये उजनी धरण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली, वर सरकली. पलीकडच्या तीरावर पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की उन्हाळ्यात उघडं पडतं. त्यामुळे राशीननंतर मला नदी सोडून करमाळ्याकडे वर जावं लागतंय. गूगल मॅपवर निळा डाग दिसतो तिथे कधीकाळी लोक चालत होते.

राहिलं ऊन. चैत्री एकादशी 2024 मध्ये 19 एप्रिलला होती, 2025 मध्ये 8 एप्रिलला, 2026 मध्ये 29 मार्चला. अधिक महिन्याच्या कृपेने तारीख अशी पुढेमागे होते, आणि या भागात मार्चअखेर आणि एप्रिलचा तिसरा आठवडा यात फार फरक आहे. खुद्द विठोबालाही पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत रोज चंदनउटी लागते, तिथे आपली काय कथा! जुने लोक तरी चैत्रात निघायचे, कारण रब्बी घरात आलेली असे, ओढे कोरडे असत आणि नद्यांना उतार मिळे. सावलीही होती. आता रुंद झालेल्या रस्त्यांवर ती शोधावी लागते. म्हणून शीटमध्ये चालायच्या वेळा पहाटे चार ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर दोन तास. दुपार देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर. पाणी तीन लिटर. एकोणिसाव्या शतकात यात्रेकरू पटकीने पटापट जात, ते वाचल्यापासून पाण्याची गोळीही यादीत आहे.

पाडव्याची पोळी घरी खाऊन द्वितीयेला पहाटे निघायचं, दशमीला पंढरपूर. नऊ दिवस होतात, एक दिवस राखीव. रजेचा अर्ज सोमवारी टाकतोय.