कॅलरी मोजून वजन कमी होतं का? घरच्या आमटीचा हिशोब कुठे अडतो?

ॲपमध्ये 'डाळ, १ वाटी' टाकलं की ते बिनधास्त एक आकडा दाखवतं. पण डाळ कुणाच्या घरची? पातळ आमटी, की वरून दोन पळ्या तेलाची फोडणी दिलेली? खरा घोळ इथेच आहे.

तत्त्व म्हणाल तर बरोबर आहे. शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी खाल्लं तर वजन उतरतं. १ ग्रॅम कर्बोदकं किंवा प्रथिनं म्हणजे ४ कॅलरी आणि १ ग्रॅम फॅट म्हणजे ९, हे गणित १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या कामातून आलं. आजही तेच चालतं.

अडचण मोजण्यात आहे. १९९२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटा अभ्यास आला. 'आम्ही १२०० कॅलरींच्या आत खातो, तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्या १० जणांची तपासणी झाली. ते आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. वर व्यायाम मात्र ५१ टक्के जास्त!

आपल्याकडे तर आणखी गुंता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ५२८ अन्नपदार्थ आहेत, पण बहुतेक कच्चे. म्हणजे हरभरा डाळीचं कळेल, तुमच्या पिठल्याचं नाही. पाच जणांचा स्वयंपाक एका पातेल्यात होतो, तेल अंदाजानं पडतं आणि १ टेबलस्पून तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. शिवाय सगळ्यांना वाढून झाल्यावर आई उरलंसुरलं संपवते, त्याची नोंद कोण करणार?

मग ॲप डिलीट करायचं का? घाई नको. खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन जास्त उतरतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण वर्षानुवर्षं रोज मोजणं बहुतेकांना झेपत नाही. त्यामुळे १०-१५ दिवस मोजून बघणं जास्त व्यवहार्य. तेवढ्यात फोडणीचं तेल, साखरेचे चार चहा, संध्याकाळचं फरसाण यांपैकी आपलं कुठे गळतंय ते कळतं. पुढे आकडे सोडा आणि तेवढंच कमी करा.

मात्र आकडा ओलांडला की अपराधी वाटायला लागलं किंवा जेवण टाळावंसं वाटलं, तर मोजणं लगेच थांबवा. पूर्वी ईटिंग डिसऑर्डर झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅलरी कमी करूच नयेत.