पटकीची साथ आणि विद्वानांचे संमेलन

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांची परिषद लोरेन्झ ओकेन याने १८२२ मध्ये लाइपझिग येथे स्थापिली. दप्तराखेरीज परिषदेच्या मालकीचे काही असू नये, अधिवेशनाचे गाव दर वर्षी बदलावे आणि व्यवस्थापक त्या गावचेच रहिवासी असावेत, असा तिचा दंडक होता. अर्थात वार्षिक संमेलन हेच या संस्थेचे शरीर होते. ते न भरल्यास दाखविण्याजोगे फारसे काही उरत नव्हते.

हा प्रसंग १८३१ मध्ये ओढवला. अधिवेशन व्हिएन्नास ठरले होते. पटकी पूर्वेकडून मध्य युरोपात शिरली आणि ते रहित झाले. १८३२ च्या सप्टेंबरात ते भरले, तेही व्हिएन्नासच. वर्ष गेले, पण निमंत्रण मोडले नाही, हे विशेष. (या परिषदेचा कित्ता गिरविणारी ब्रिटिश असोसिएशन त्याच १८३१ मध्ये यॉर्क येथे जन्मली, पटकी इंग्लंडात पोहोचण्यास तेव्हा काही आठवडे अवकाश होता.)

१८९२ मध्ये हॅम्बुर्ग येथे पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली आणि न्यूरेंबर्गचे अधिवेशन १८९३ वर गेले. १८३१ मध्ये हा रोग संसर्गाने पसरतो की दूषित हवेने, याविषयी वैद्यांतच वाद होता. १८९२ पर्यंत कॉखने त्याचा जंतू दाखवून आठ वर्षे लोटली होती. तरीही चालकांना पुढे ढकलण्यापलीकडे मार्ग दिसला नाही.

भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन कोविडमुळे २०२१ मध्ये पुण्यास होऊ शकले नाही. ते जानेवारी २०२३ मध्ये नागपुरास भरले. येथे गाव बदलले, अनुक्रमांक मात्र राखला गेला.