ताणलेल्या रबराची कुळकथा

नैसर्गिक रबर ताणले असता त्याच्या अंतर्यामी काय घडते, या प्रश्नाची पहिली विश्वसनीय साक्ष ज्याने दप्तरी नोंदवून ठेवली, तो इंग्लंडातील केंडल गावचा निसर्गाभ्यासक जॉन गफ हा, वयाची तीन वर्षे भरण्यापूर्वीच देवीच्या रोगाने दृष्टी गमावलेला गृहस्थ होता.

मँचेस्टरच्या विद्वत्सभेने १८०५ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या निबंधातील कृती अशी की, रबराची लहानशी पट्टी ऊन पाण्यात मऊ करून घ्यावी आणि ओठांशी धरून झटकन ताणावी, म्हणजे ओठांना ऊब जाणवते. सैल सोडताच ती थंड लागते. वजन टांगलेली पट्टी तापविल्यास धातूप्रमाणे लांबत नाही, उलट आखडते. आणि ताणून गार पाण्यात ठेवलेली पट्टी आपले आकुंचनाचे सामर्थ्य गमावते, ते ऊन पाण्याने तिला परत लाभते, हेही त्याने टिपले. पुढे १८५९ साली जूलने गंधकसंस्कारित रबरावर सूक्ष्म मोजमापे करून गफच्या निरीक्षणांवर शिक्कामोर्तब केले. पण कारण गूढच राहिले.

ते उलगडण्यास क्ष-किरण यावे लागले. १९२५ साली डच शास्त्रज्ञ कात्झ याने सैल रबरातून हे किरण सोडले, तेव्हा छायापटावर केवळ धूसर वलय उमटले; तेच रबर पुरेसे ताणताच, स्फटिकाने द्यावेत तसे रेखीव ठिपके उमटले. आयसोप्रीनच्या हजारो घटकांनी बनलेल्या, एरवी गुंतवळासारख्या पडलेल्या शृंखला ताणाखाली एका दिशेस वळतात आणि सामान्य तापमानात, लांबी सुमारे चौपट झाली की, समांतर आलेले त्यांचे भाग सूक्ष्म स्फटिकांत बद्ध होतात. शृंखलांची मोकळीक हरपताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्यात या स्फटिकीभवनाचीही भर पडते. गार पाण्यातली पट्टी आखडत नाही, ती हे स्फटिक तेथे वितळत नाहीत म्हणून. डोळ्यांना कधीच न दिसलेल्या या घडामोडीची वर्दी एका अंधाच्या ओठांनी शतकाहून अधिक काळ आधी द्यावी, याचे मला अपार कौतुक वाटते.

या गुणाचे मोल केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. रबरास चीर पडली की तिच्या टोकाशी ताण एकवटतो आणि नेमके तेथेच स्फटिक तयार होऊन चिरेची वाट अडवितात. म्हणूनच कृत्रिम रबरांची रेलचेल असूनही विमानांच्या आणि अवजड मालमोटारींच्या टायरांत झाडाच्या चिकाचे रबर आजही मोठ्या प्रमाणात घालतात.