खडक कितीही पक्का असो, भेग त्याचा जोर ठरवते. विहिरीत उतरण्याआधी हे वाचा

यवतमाळ : झरी जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी परिसरात २०२१ च्या जून महिन्यात रस्त्याचे काम सुरू असताना जमिनीखालून दगडी खांब उघडे पडले. हाताने घडवल्यासारखे दिसणारे हे खांब नैसर्गिक आहेत, ते स्तंभाकार बेसाल्ट आहेत, असे भूगर्भ अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी सांगितले. या खांबांना आकार दिला तो भेगांनी. आपल्या शेतातल्या विहिरीच्या खडकातही अशाच भेगा असतात. पाणी त्यातूनच येते आणि दगडही तिथूनच निसटतो.

भेगा पडतात कशा?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. थंड होताना लाव्हा आकसला आणि तडकला. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात तसेच हे आहे. माती वाळून आकसते, लाव्हा थंड होऊन आकसतो, एवढाच फरक. शिबल्यासारखे पाच-सहा बाजूंचे खांब त्यातूनच बनतात. पुढे ऊन, पाऊस, वड-पिंपळाची मुळे आणि माणसाने लावलेले सुरुंग यांनी भेगा आणखी वाढतात.

जोर कमी का होतो?

चांगला, अखंड काळा दगड दर चौरस सेंटीमीटरला हजार किलोपेक्षा जास्त दाब सहन करतो. मात्र ओढून फाडणारा ताण तो त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढाच सहन करतो. पाथरवट हेच ओळखून काम करतो. ओळीने छिद्रे पाडून तो त्यात पाचरी ठोकतो आणि भलामोठा दगड सरळ रेषेत फुटतो.

भेगेच्या टोकाला जोर एकवटतो. कापड नुसते ओढून फाटत नाही, पण कैचीने जरा चीर दिली की सरकन फाटते. इंग्लंडचे अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवर प्रयोग करून हेच दाखवले. डोळ्याला न दिसणारी बारीक चीरही पदार्थाची ताकद कितीतरी पटीने घटवते. दगडालाही हेच लागू पडते. म्हणून प्रयोगशाळेत छोटा तुकडा पक्का ठरला तरी विहिरीची अख्खी भिंत तेवढी पक्की असेलच असे नाही. भिंत मोठी, म्हणून तिच्यात भेगाही जास्त.

धरण, पूल किंवा बोगद्याच्या कामात अभियंते आधी खडकाचा लांब नमुना कापून बाहेर काढतात. त्यातले १० सेंटीमीटरपेक्षा लांब, अखंड तुकडे मोजतात. अशा तुकड्यांची लांबी एकूण लांबीच्या ९० टक्क्यांहून जास्त भरली तर खडक उत्तम, २५ टक्क्यांहून कमी भरली तर फारच कमजोर समजतात. धरणाच्या पायात भेगा सापडल्या तर छिद्रांतून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात.

कोणती भेग धोक्याची?

पहिली गोष्ट, भेगेची दिशा. भेग विहिरीच्या आत उतरती असेल तर वरचा दगड आत घसरू शकतो. तिरप्या पत्र्यावर ठेवलेली वीट जशी सरकते तसेच. समोरच्या भिंतीत तीच भेग जमिनीच्या आत उतरलेली असते, म्हणून ती बाजू त्या मानाने बरी असते. एकाच विहिरीची एक बाजू टिकते आणि दुसरी ढासळते, यामागे बरेचदा हेच कारण असते.

दुसरी गोष्ट, भेगेत काय भरले आहे. खडबडीत दगडावर दगड घट्ट बसला असेल तर तो एकमेकांना धरून ठेवतो. मध्ये चिकण माती किंवा लाल गेरूसारखा थर असेल आणि तो भिजला, तर पकड सुटते.

तिसरी गोष्ट, पाणी. भेगेत ५ मीटर पाणी उभे असेल तर तळाशी दर चौरस मीटरला ५ टन रेटा बसतो. विहिरीचे पाणी मोटारीने झपाट्याने उपसले तरी भिंतीमागच्या भेगेत ते तसेच राहते आणि दगडाला आत ढकलते. म्हणून खोल करण्यासाठी विहीर उपसली की लगेच खाली उतरणे घातक ठरू शकते. घाटातल्या दरडीही बहुतेक पावसाळ्यातच कोसळतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या जुलैमध्ये दरड कोसळली, तीही पावसातच.

विहिरीचे काम काढताना लक्षात ठेवा

- माठ घेताना वाजवून पाहतो तसा दगड हातोडीने वाजवा. खणखणीत आवाज आला तर दगड अखंड. बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा दगड सैल आहे.
- सुरुंगाचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. सुरुंगाने उरलेली भिंतही हादरते, नव्या चिरा पडतात. माणसे कामाला लावण्याआधी जाणकाराने वरून खाली येत पहारीने सैल दगड पाडून घ्यावेत.
- निघालेला मलबा काठावर रचू नका. त्याचे ओझे भेगेवर येते आणि पावसाचे पाणीही तिथेच मुरते.
- भेगेवर चुन्याने आडवी रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघ तुटलेली दिसली तर दगड सरकतो आहे. त्या दिवशी कोणालाही खाली उतरवू नका.
- भिंतीतून अचानक गढूळ पाणी आले किंवा बारीक खडे पडू लागले तर काम थांबवून सगळ्यांना वर घ्या.
- वरचा माती-मुरमाचा भाग बांधून घ्या, पण बांधकामात पाणी निघायला छिद्रे ठेवा.

झरा लागावा म्हणून सगळेच भेग शोधतात. ती सापडली की आनंद होणारच. पण पाणी कुठून येते हे पाहताना त्या भेगेवर कोणता दगड टेकला आहे, हेही पाहून घ्या. खाली उतरणारा मजूर त्याच दगडाखाली उभा राहणार आहे.