गाठ काढायची, पण किती?

अंडाशयाचा कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशी-साठीची बाई येते. आज आपण बोलतोय त्या गाठी वेगळ्या आहेत. दुर्मीळ आहेत, आणि त्या होतात बहुतेक पंधरा-वीस वर्षांच्या मुलींना. ज्या पेशींपासून पुढे स्त्रीबीज व्हायचं, त्यांच्यापासूनच ही गाठ निघते.

विसाव्या शतकात बराच काळ सर्जनचं उत्तर एकच होतं: दोन्ही अंडाशय आणि गर्भाशय, सगळं काढा. त्याला क्रूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच्या हातात सुरीशिवाय होतं काय? डिसजर्मिनोमा नावाची गाठ किरणांना दाद द्यायची खरी, पण पोटावर किरण दिले की राखलेलं अंडाशयही निकामी व्हायचं. दुसरी, योक सॅक ट्यूमर, ही तर फार वाईट. गाठ एकाच बाजूला असून पूर्ण निघाली, तरी बहुतेक मुली दोनेक वर्षांत जायच्या. म्हणजे जास्त कापूनही हाती काही लागत नव्हतं.

कोपनहेगनच्या गुनार टायलुम यांनी एक काम केलं. अंडाशयातल्या आणि पुरुषाच्या वृषणातल्या गाठी त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्या एकाच जातीच्या निघाल्या! हे तेव्हा नुसतं सूक्ष्मदर्शकाखालचं ज्ञान वाटलं असेल.

मग १९६५. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू विभागेनात, नुसते दोऱ्यासारखे लांबत गेले. कारण वीज नव्हतं. इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनमपासून तयार झालेली संयुगं होती. त्यातून आलं सिसप्लॅटिन. १९७४ मध्ये इंडियानापोलिसला लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांबरोबर वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरवर वापरलं, आणि हाताबाहेर गेलेले तरुण बरे होऊ लागले. गाठी एकाच जातीच्या, म्हणून हीच वाट पुढे मुलींसाठीही खुली झाली.

आता सुरी मागे येऊ शकली. गाठीचं अंडाशय आणि त्या बाजूची नळी काढायची. दुसरं अंडाशय आणि गर्भाशय ठेवायचं. आजार पसरलेला असला तरी बहुधा हेच. दुसरं अंडाशय डोळ्यांना चांगलं दिसत असेल तर त्याचा तुकडाही घ्यायचा नाही, कारण त्यानं चिकटे पडतात आणि पुढे मूल होण्यात अडचण येते. पुरुषांच्या बाबतीतही असंच झालं. पोटामागच्या लसिकाग्रंथी काढताना नसा कापल्या जायच्या आणि वीर्यस्खलन थांबायचं. जॉन डोनह्यू वगैरे मंडळींनी त्या नसा वाचवून ऑपरेशन करायला सुरुवात केली.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. काही मुलींची जननग्रंथी नीट घडलेलीच नसते आणि गुणसूत्रांत वाय असतो. तिथे गोनॅडोब्लास्टोमा होतो. हे नाव बोस्टनच्या रॉबर्ट स्कली यांनी १९५३ मध्ये दिलं. अशा वेळी दोन्ही बाजू काढाव्याच लागतात. म्हणून पाळी कधीच न आलेल्या मुलीच्या पोटात गाठ सापडली, तर ऑपरेशन टेबलावर घेण्याआधी तिची गुणसूत्रं तपासायची.