जसं चढलं तसं उतरलं

आगाशीच्या आमच्या घरात आजी तिच्या काकांची गोष्ट सांगते. पानवेलींना पाणी घालता घालता काकांचे पाय लुळे पडले, मागोमाग हातही गेले. अंगावरून वारं गेलं म्हणत घरच्यांनी बैलगाडीत पेंढा अंथरून त्यांना वज्रेश्वरीला नेलं. तानसेकाठी अकलोलीच्या कुंडात त्यांना दोघं धरून बसवायचे आणि काकी गरम पाण्यात एकेक सांधा हलवायची. दिवाळीनंतर नेलेले काका शिमग्याला काठी टेकत परतले. इथवर आली की आजी हटकून चिमाजी अप्पांकडे वळते. वसईचा किल्ला मिळू दे, देऊळ बांधीन, असा त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला होता. मे 1739मध्ये किल्ला पडला आणि देऊळ उभं राहिलं. त्या देवीनंच काकांना उठवलं, यावर तिचा ठाम विश्वास.

बाबांना आधी नुसते जुलाब झाले, ते थांबलेही. पुढच्या आठवड्यात वाडीतून येताना एका पायातली चप्पल वाटेतच गळून पडली, हे त्यांना ओटीवर आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी पायरी चढवेना. इस्पितळात न्यूरॉलॉजिस्टनं गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय जराही उडाला नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, तर प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र नेहमीएवढ्याच. 1916 साली गियाँ, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये हेच टिपलं होतं. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा आजार. जंतूशी लढायला उठलेलं शरीर आपल्याच नसांवर उलटतं. 2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याची साथ आली, कित्येक रुग्णांमध्ये दूषित अन्नपाण्यातून येणारा कॅम्पायलोबॅक्टर सापडला, तेव्हा कुठे हे नाव घरोघरी पोचलं.

खरी धास्ती श्वासाची. डॉक्टर येऊन बाबांना एका दमात आकडे मोजायला सांगायचे. सकाळी बावीसपर्यंत गेले, दुपारी सोळा, रात्री अकरालाच दम संपला. व्हेंटिलेटर लावला. हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन पाच दिवस थेंबथेंब शिरेतून गेलं. त्या अनोळखी माणसांना मी आजही मनोमन हात जोडतो.

आजी म्हणाली, “पायाकडून चढलंय ना? मग वरून उतरेल. पायाची बोटं शेवटी.” अगदी तसंच झालं. आधी श्वास सुटा झाला, मग खांदे, मनगटं, मांड्या. काकांना हाच आजार होता का, हे आता कोण सांगणार? पण उतरण्याचा क्रम आजीच्या गोष्टीत चोख जपलेला होता. आणि फिजिओथेरपिस्ट बाबांचे सांधे हलवायला लागली, तेव्हा मला कुंडात उतरलेली काकी दिसली. नवसाच्या गोष्टीत तिच्या हातांना फार थोडी जागा मिळाली, असं मला वाटतं.

“छातीपर्यंत चढलं त्यांचं काय व्हायचं?” मी आजीला विचारलं. पलीकडच्या वाडीतला एक पोरगा होता, लग्न ठरलेला. बैल जुंपेपर्यंत त्याचा श्वास गेला. एवढ्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पायाला पट्टा बांधून बाबा बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, “आई, माझं सांगशील तेव्हा त्याचंही सांग.”